स्कोर लिहून ठेवा, आम्ही पेरून येतो

दामू गेल्याचं गजाननने फोनवर सांगितलं तेव्हा मी यवतमाळच्या बसस्टँडसमोर एका ऑटोवाल्याशी भांडत होतो. कशावरून ते आता आठवत नाही. माझ्या भांडणांचं असंच असतं, कारण संपून जातं आणि भांडण उरतं. गजानन म्हणाला, "काका, दामूकाका गेले. वखरणी पाहाले वावरात गेलते. धुऱ्यावर बसले, पानी मागतलं, अन्... झालं." मला आधी गजाननचाच राग आला, इतकं सपाट सांगतात का म्हणून. मग मे महिन्याच्या उन्हाचा आला. मग दामूचा आला. साठी कधीच ओलांडलेल्या माणसाला भरदुपारी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसायची काय गरज पडली होती? ऑटोवाला माझ्याकडे पाहत होता. "काय झालं साहेब?" म्हणाला. मी त्याच्याच ऑटोत बसलो आणि घरी गेलो.

दामू म्हणजे दामोदर आसुटकर. राजूरला लागून असलेल्या गावात त्याचं घर आणि वावर. कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना तो 'बेसबॉलवाले आसुटकर' म्हणून माहीत असेल, आणि ज्यांना माहीत असेल त्यांनी त्याच्याबद्दलचा एक विनोदही नक्की ऐकला असेल. तो विनोद मी सांगणार आहे, कारण त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. पण आधी त्याची ओळख नीट होऊ द्या. विनोद सांगणाऱ्यांनी ती कधीच करून दिली नाही.

मी राजूरचा, म्हणजे वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून होते म्हणून राजूरचा. वणीच्या कॉलेजात दामू आणि मी एका बाकावर होतो. कुठूनतरी बदलून आलेले खेळाचे एक सर होते, त्यांनी सोबत बेसबॉलच्या दोन बॅटी आणि फाटके हातमोजे आणले होते. कॉलेजचं मैदान क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. त्यांनी आम्हाला पाहून दात काढले. "हे काय, उभ्यानं मोगरी मारता काय बे?" असं कोणीतरी म्हणालं आणि मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दामूने मला मागून धरलं. त्याचं आणि माझं नातं तेव्हापासून हेच, मी धावून जायचं आणि त्याने मागून धरायचं. तो म्हणाला, "कायले डोकं फोडतं त्यायच्याशी? माह्या वावरात खेळू. पऱ्हाटी उपटली का वावर रिकामंच राह्यते."

तर आमचा संघ असा कपाशीच्या वावरात सुरू झाला. शेवटची वेचणी झाली, कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून झाली, की फेब्रुवारीपासून पेरणीपर्यंत ते वावर आमचं. रेषा मारायला राजूरच्या भट्टीवरचा चुना. धावताना पाय टेकवायच्या जागा, म्हणजे बेस, म्हणून बारदान्याची लहान पोती, आत सरकी भरलेली, कारण घरात तीच होती. एका संध्याकाळी आम्ही खेळायला गेलो तर दुसरा बेस जागेवर नाही. दामूच्या वडिलांच्या बैलाने तो खाल्ला होता, बारदान्यासकट, आणि तिसऱ्या बेसच्या दिशेने निघाला होता. दामूचे वडील आमच्या खेळावर सदा खार खाऊन असायचे, पण त्या दिवशी धुऱ्यावर बसून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्यापेक्षा माहा बैल चांगला खेळते, दुसरा बेस घेऊन तिसऱ्यावर निघाला," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विरोध केला नाही. फक्त सरकी मागायला गेलं की थोडी जास्त द्यायचे, बैलाचा वाटा म्हणून.

दामू पिचर होता, मी कॅचर. त्याचा चेंडू झेलून झेलून माझ्या उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालं. ऑफिसात आयुष्यभर त्या बोटानेच मी शिक्के मारले. त्याच्या हातात ताकद होती, पण खरी गंमत त्याच्या थांबण्यात होती. चेंडू हातात घेऊन तो इतका वेळ उभा राहायचा की समोरचा बॅटर कंटाळायचा, चिडायचा, इकडे तिकडे बघायचा... आणि नेमका तेव्हा चेंडू माझ्या हातमोज्यात येऊन आदळायचा. मी ओरडायचो, "लवकर टाक ना बे!" तो म्हणायचा, "तुले कोठं जाचं आहे?"

हळूहळू वणी, दारव्हा, यवतमाळ, सगळीकडे संघ उभे राहिले. उन्हाळ्यात स्पर्धा भरू लागल्या. आणि त्या स्पर्धांमध्ये आमच्या भागाचा एक नियम होता, जो जगातल्या कुठल्याही बेसबॉलच्या पुस्तकात सापडणार नाही. पहिले चांगले पाऊस पडून गेले, की जमीन थोडी सुकते. पायाला चिखल लागत नाही, पण आत ओल असते. त्याला वापसा म्हणतात. पेरायचं ते तेव्हाच. दोन-चार दिवसांत वापसा गेला की गेला. तर नियम असा की वापसा आला की सामना जिथे असेल तिथे थांबवायचा. पंचाने स्कोर लिहून घ्यायचा, सगळ्यांनी आपापल्या वावरात जायचं, आणि पेरण्या आटोपल्यावर त्याच स्कोरवरून पुढे सुरू करायचं. एकदा दारव्ह्याविरुद्धचा अंतिम सामना असाच थांबला. त्यांचा शेवटचा बॅटर उभा होता, दोन स्ट्राइक झाले होते, तिसरा झाला की तो बाद आणि सामना आमचा. आम्ही पेरायला गेलो. कपाशी वीतभर वर आल्यावर सगळे परत जमलो. तोच बॅटर, तेच दोन स्ट्राइक. दामूने चेंडू हातात घेतला आणि नेहमीसारखा उभा राहिला. तो बिचारा पेरणीभर ह्याच एका चेंडूचा विचार करत असणार. बॅट फिरवली तेव्हा चेंडू माझ्या हातात येऊन बसला होता. दारव्ह्याच्या लोकांनी आम्हाला जेवण घातलं आणि कोणालाही ह्या सगळ्यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढे दामूचा खांदा दुखायला लागला आणि तो शिकवायला लागला. गजानन त्याच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात चांगला पिचर. लांब हातापायांचा, सोयाबीनवाल्या घरचा पोरगा. मी तोवर यवतमाळला सरकारी ऑफिसात लागलो होतो, पण रविवारी एसटीने वणी आणि तिथून जीपने वावरात, हा नेम चुकला नाही. माझी बायको म्हणायची, "दुसरी बायको ठेवली असती तर परवडलं असतं, ती निदान गावात तरी राह्यली असती."

आणि मग एक दिवस ती लीग आली. मोठ्या शहरातली एक कंपनी होती, नाव मी घेणार नाही, तिची जाहिरात करायची मला हौस नाही. तिने राज्यभरचे काही संघ उभे केले. पगारी संघ. आपल्या जिल्ह्याच्या संघाचं नाव त्यांनी ठेवलं 'यवतमाळ कॉटन वॉरियर्स'. आमचेच खेळाडू, राजूर-वणीचे निम्मे, बाकी दारव्ह्याचे आणि यवतमाळचे. दामू कोच. बेसबॉल खेळून महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो हे आमच्याकडच्या आईबापांना सांगताना पोरांची धांदल उडायची. पण खरं सांगतो, तेव्हा माझीही छाती फुगली होती. जिल्ह्याचं नाव पेपरात नेहमी कोणत्या बातमीसाठी येतं ते आपल्याला माहीत आहे. एकदा तरी ते खेळाच्या पानावर आलं होतं.

दामूने करार करतानाच एक गोष्ट सांगितली होती आणि ती माझ्यासमोर सांगितली होती. मिरगाच्या आधी पोरांना मोकळं करायचं. कंपनीने नेमलेला मॅनेजर हसून म्हणाला, "शुअर दामोदरजी, सीझन मेमध्येच संपतो." तोंडी म्हणाला. लिहून दिलं नाही आणि दामूने मागितलं नाही. त्याच्याकडे तोंडचा शब्दही पुरत असे. पहिलं वर्ष तसं गेलंही. दुसऱ्या वर्षी संघ असा काही खेळला की विचारू नका. गजाननच्या चेंडूला हात लावणारा सापडेना. आणि मग त्या लोकांनी जाहिरातवाल्यांच्या सोयीसाठी हंगाम लांबवला. उपांत्य सामना जूनमध्ये गेला. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, चांगला आला, आणि सामन्याच्या तोंडावर आमच्याकडे वापसा आला.

नाव कॉटन वॉरियर्स, आणि कापूस पेरायला सुट्टी नाही! मला आजही हे लिहिताना तळपायाची आग मस्तकात जाते. दामूने मॅनेजरला दोन दिवस सामना पुढे ढकलायला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "दामोदरजी, बी प्रोफेशनल. घरी मजूर लावा, त्यांना पेरू द्या." आता ह्या माणसाला कोण सांगणार, की वापसा आला म्हणजे पंचक्रोशीतले सगळेच पेरतात, मजूर काय झाडाला लागतात?

सामन्याच्या दिवशी मी डबा घेऊन त्या शहरात गेलो होतो. संध्याकाळचे दिवे लागले, बँड वाजला, समोरचा संघ धावत मैदानात आला. आमच्या बाजूचा बाक रिकामा. मला वाटलं, उशीर झाला असेल. पंचाने घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. भोंग्यावरून सांगितलं गेलं की यवतमाळचा संघ हजर नाही, समोरच्या संघाला वॉकओव्हर. लोक आधी गप्प झाले आणि मग हसले. मी उभा राहून ओरडत होतो, कोणाला काय ओरडत होतो ते मला कळत नव्हतं, आजूबाजूचे लोक सरकून बसले होते. बाहेर येऊन दामूला फोन लावला. पाठीमागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी म्हटलं, "अरे, वॉकओव्हर दिला त्यायनं!" तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हो काय? मले वाटलं, स्कोर लिहून ठेवतील. आपल्याकडे ठेवतात तसा."

हाच तो विनोद. मॅनेजरने तो पत्रकारांना सांगितला, पत्रकारांनी छापला. कोच म्हणाला, साहेब, स्कोर लिहून ठेवा, आम्ही पेरून येतो! सगळं राज्य हसलं. गावंढळ कोच, गावंढळ संघ, ह्यांना म्हणे प्रोफेशनल बनवायला निघालो होतो. लीगने संघ काढून टाकला. पोरांवर बंदी घालायची भाषा झाली होती, पण मग कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या, अडाणी आहेत, कळलं नाही त्यांना. जाहीर समज देऊन सोडून दिलं. कागदोपत्री खेळाडू स्वच्छ राहिले. त्याच जोरावर गजानन आज वणीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, आणखी दोघं पोलिसात गेले. आणि आम्हाला व्यावसायिकता शिकवणारी ती कंपनी? पुढच्या वर्षी तिने अख्खी लीगच गुंडाळली. ना पत्र, ना फोन. इतर संघांची पोरं सराव करत बसली होती, त्यांना पेपर वाचून कळलं. त्याच्यावर मात्र कोणी विनोद केला नाही.

मी दामूसाठी किती भांडलो असेन ह्याला हिशेब नाही. चहाच्या टपरीवर, ऑफिसात, एसटीत, एका लग्नात तर नवरदेवाच्या काकाशी. माझं म्हणणं एकच असायचं. दामू साधा माणूस आहे. आयुष्यभर ज्या नियमाने खेळला तोच नियम सगळीकडे असेल असं त्याला वाटलं. भोळ्या माणसाची चूक झाली, तिच्यावर हसता कसे? दामूसमोरही मी हेच बोलायचो. तो छपरीत खाटेवर बसून ऐकायचा, तंबाखू मळायचा आणि म्हणायचा, "हो बावा. तसंच झालं."

जूनमध्ये यवतमाळला त्याची शोकसभा झाली. पंख्यांचा नुसता आवाज, भिंतीला टेकवलेला त्याचा फोटो, समोर पन्नासएक खुर्च्या. आणि पहिल्या रांगेत तो मॅनेजर! आता तो कुठेतरी क्रीडा सल्लागार वगैरे आहे, पांढरा कुर्ता घालून आला होता. बोलायला उभा राहिला. दामोदरजी म्हणजे मातीतला माणूस, निरागस माणूस, म्हणाला. आणि मग त्याने तो विनोद सांगितला. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर. हावभाव करून, आमची बोली काढून दाखवत. "साब, स्कोर लिहून ठेवा ना जी, आमी पेरून येतो!" सभागृह हसलं. आपलीच माणसं हसली. मी उठलो. मी म्हटलं, "लाज वाटू द्या! भोळा माणूस होता तो, तुमचे नियम त्याला समजले नाहीत, ह्यात हसण्यासारखं काय आहे?" शेजारी बसलेला गजानन माझी बाही ओढत होता. "काका, बसा. बसा ना काका." मी त्यालाही झिडकारलं. तोही माझ्यासोबत उभा राहिला नाही ह्याचा मला संताप आला. ज्याच्यामुळे ह्याच्या घरी पगार येतो, त्याच्यासाठी ह्याला उभं राहता येत नाही?

सभेनंतर खेळाच्या मंडळाच्या लोकांनी मला गाठलं. बहुतेक त्यांना लाज वाटली असावी. म्हणाले, आमच्या सभागृहाच्या भिंतीवर कॉटन वॉरियर्सची आठवण लावू. दामूभाऊंची कोचची जर्सी काचेच्या चौकटीत घालू, खाली संघाचा इतिहास चार ओळींत तुम्ही लिहा. मी घरी येऊन लिहिला. संघ कसा उभा राहिला, कसा जिंकला, आणि शेवटची ओळ अशी की 'केवळ एका गैरसमजामुळे संघाला स्पर्धेबाहेर जावं लागलं.' मला ती ओळ चांगली वाटली होती. जुलैत, निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या दिवसांत, जर्सी मागायला दामूच्या घरी गेलो.

दामूची बायको शोभावहिनी छपरीत बसून भाकरी फडक्यात बांधत होत्या. वावरात जायची घाई होती. मला पाहून पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. हे कधी झालं नव्हतं. मीच खाटेवर टेकलो आणि काय काय ठरलं ते सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"सभेत तुम्ही यायले भोळे म्हणले म्हणे."

मी म्हटलं, "वहिनी, तो मॅनेजर दामूवर हसत होता. मी तर त्याची बाजू..."

"तो हसला त हसला. तो परका माणूस. तुम्ही काहून भोळा म्हणले माह्या माणसाले?" त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "तीस वर्षं त्यायचा चेंडू झेलला ना तुम्ही? भोळा माणूस तसा चेंडू टाकते काय, भाऊजी?"

त्या भाकरी बांधायच्या थांबल्या आणि मग सांगितलं. सामन्याच्या आदल्या दिवशी दामूने पोरांना, संघ उतरला होता त्या हॉस्टेलच्या अंगणात जमवलं होतं. त्यांना सरळ सांगितलं, की सामना थांबणार नाही. हे लोक थांबत नसतात. आपण गेलो की वॉकओव्हर जाईल आणि संघ जाईल. "वापसा चार दिवसाचा असते पन सालभर पोसते, अन् हे कंपनी दोन वर्साची पाहुनी," असं म्हणाला. ज्याला थांबायचं त्याने थांबावं, माझा राग नाही. कोणी थांबलं नाही. मग एक जण म्हणाला, काका, आपल्यावर बंदी घालतील, मुद्दाम गेले म्हणतील. दामूने थोडा विचार केला. मग म्हणाला, कोणी विचारलं तर सांगायचं, आम्हाला वाटलं स्कोर लिहून ठेवतील. आपल्याकडे ठेवतात तसा.

"मी म्हणलं त्यायले," वहिनी सांगत होत्या, "अहो, लोक येडं समजतील तुम्हाले. त म्हणे, समजू दे. शहरवाल्यायले आपल्याले येडं समजाची लय हौस हाय, तेवढी भागवून देऊ. येड्याले सोडून देतात, शोभा. शहाण्याले सोडत नाहीत."

छपरीत कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत बसलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट येत होती आणि ती मी बोलून टाकली. "मग मला का नाही सांगितलं? गजाननला माहीत, दारव्ह्याच्या पोरांना माहीत. मी कोण होतो?"

वहिनी पहिल्यांदा थोड्या हसल्या. "तुमचं तोंड तुम्हाले मालूम नाही काय, भाऊजी? तुमच्या पोटात राह्यलं असतं? अन् ते म्हणत, श्याम जितका जोरानं भांडते ना, तितकं लोकायले खरं वाटते. भांडू दे त्याले. पोरायच्या नोकऱ्या लागू दे."

म्हणजे टपरीवर, एसटीत, त्या लग्नात मी घसा फोडत होतो, तेव्हा तो मला वापरत होता. 'हो बावा, तसंच झालं' म्हणत तंबाखू मळत होता! मला इतका राग आला, इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. आणि मागून धरायला कोणी नव्हतं. मी तिथेच खाटेवर बसून रडलो. रागाने रडलो, असं मी लिहितो आहे, वाचणाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं.

त्या राज्यभरच्या हुशार माणसांवर, मॅनेजरवर, पत्रकारांवर, त्या भरलेल्या मैदानावर एक वणीकडचा शेतकरी इतकी वर्षं गुपचूप हसत होता. त्यांनी त्याला निरागस म्हणावं म्हणून तो निरागस झाला. त्याने पोरं वाचवली, पेरणी वाचवली, आणि बदल्यात स्वतःचं नाव हसण्यावारी जाऊ दिलं. ह्याला मोठेपणा म्हणून गोड करायची माझी इच्छा नाही. ही निवड करायला त्याला कोणी लावलं, हे मला विसरायचं नाही. दोन दिवस थांबले असते तर जगात कोणाचं काय बिघडणार होतं? आमच्याकडे एक अख्खा अंतिम सामना पेरणीभर थांबला होता.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि विचारलं, "जर्सी तेवढी द्याल का, वहिनी? भिंतीवर लावायची म्हणतात." वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ती लुगड्यावरून अंगात घातली होती. आमच्याकडे बाया निंदायला, वेचायला जाताना नवऱ्याचा जुना सदरा असाच लुगड्यावरून घालतात, उन्हापासून, काट्यांपासून. कोपरांवर ती विटली होती. पुढची कंपनीची खूण धुऊन धुऊन निघून गेली होती. बाह्यांवर फवारणीच्या औषधाचे पिवळे डाग होते. वहिनी म्हणाल्या, संघ लीगमधून काढला त्या वर्षापासून दामू तीच घालून फवारायला जायचा. लांब बाह्यांची आहे, कापड बरं आहे म्हणायचा.

"चौकटीत काय करते ते, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "निंदन पडलं आहे." भाकरीचं फडकं डोक्यावर ठेवून त्या पायऱ्या उतरल्या.

मी यवतमाळला परत येऊन मंडळाला कळवलं आहे की जर्सी मिळणार नाही. चार ओळींचा इतिहास मात्र दिला आहे, शेवटची ओळ बदलून. 'संघ दामोदर आसुटकर यांनी समजून-उमजून बंद केला, कारण वापसा आला होता.' मंडळाला ती ओळ पसंत नाही असं दिसतं, त्यांचा अजून फोन आलेला नाही. लावली नाही तर मी भांडणार आहे. ह्या वेळी खरं काय ते माहीत असून भांडेन.

त्या दिवशी मी छपरीतून वहिनींना धुऱ्यापर्यंत जाताना पाहत होतो. कपाशी गुडघ्याला आली होती. त्या ओळीत शिरल्या, वाकल्या, आणि जर्सीच्या पाठीवरची अक्षरं वर आली, जाड, निळी, अजून न विटलेली. कोच. हातातला विळा चालत होता आणि ती अक्षरं कपाशीतून हळूहळू पुढे सरकत होती.